वाचक विचारतात : रोजच्या कामात देवाचा मान

नोकरी, दुकान, शेजार, संसार सांभाळताना देवाचा मान कसा राखायचा, या एकाच विषयावर बरीच पत्रे जमली होती. त्यांतली सात या अंकात घेतली आहेत. नावे वाचकांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दर आठवड्याला ड्युटी बदलते. दर जानेवारीत बायबल पहिल्यापासून वाचायला घेते आणि फेब्रुवारीत सुटते. सकाळची प्रार्थना तर महिन्यातून आठ दिवसही धड होत नाही. सगळे सांगतात, पहाटे उठा. नाईट करून आलेल्या बाईने पहाटे कसे उठायचे?
— एक परिचारिका, सोलापूर

उत्तर : ताई, पहाटेचा हट्ट आधी सोडा. शास्त्राने प्रार्थनेला एकच तास नेमून दिलेला नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, स्तोत्रकर्ता मध्यरात्री उठतो, प्रभू येशू कधी पहाटे एकांतात गेला तर कधी अख्खी रात्र डोंगरावर प्रार्थनेत राहिला. पहाटेची उपासना उत्तमच, पण ती रात्री झोपलेल्या माणसाची.

आता वाचन कुठे अडते ते पाहू. ६६ पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. या गतीने उत्पत्ती आणि निर्गम मिळून ९० अध्याय जानेवारीअखेर संपतात आणि लेवीय हे पुढचे पुस्तक उघडते. यज्ञांचे आणि चरबीचे नियम, त्वचेच्या रोगांची लक्षणे, आणि नेमकी तेव्हाच नाईट लागलेली. एक आठवडा चुकला की २३ अध्यायांची थकबाकी होते. ती फेडायची म्हणून माणूस नुसती पाने उलटतो, आणि मग तेही सोडतो. यात तुमची श्रद्धा कमी पडत नाही, घेतलेले माप मोठे पडते.

मार्कचे शुभवर्तमान घ्या. त्यात पावणेसातशेच्या आसपास वचने आहेत. रोज पंधरा वचने, तीही मोठ्याने वाचा. तीन-चार मिनिटे लागतात आणि दीड महिन्यात पुस्तक पुरे होते. तारखांचा तक्ता लावू नका, पानात खूण घाला. चुकलेला दिवस चुकला; दुसऱ्या दिवशी तीस वचने नकोत, खुणेपासून पुढची पंधराच. मनातल्या मनात वाचले तर थकलेले डोळे ओळींवरून घसरतात. मोठ्याने वाचताना ते होत नाही.

वाचनाची वेळ घड्याळाला बांधू नका, कृतीला बांधा. तिन्ही पाळ्यांत न बदलणारी गोष्ट कोणती? गणवेश चढवणे, हँडओव्हर, घरी आल्यावरचा पहिला चहा. चहाला वाचन जोडा, गणवेशाला एका वाक्याची प्रार्थना जोडा. नाईटला १३४वे स्तोत्र पाठ असू द्या. तीनच वचनांचे आहे, आणि रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठीच रचलेले आहे. रात्रपाळीच्या माणसाला इतके जवळचे दुसरे स्तोत्र आम्हाला सापडत नाही.

वॉर्डात असताना हात धुण्याची वेळ वापरा. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात हे तुम्हाला सांगायला नको. प्रभूची प्रार्थना संथपणे म्हटली तर जवळपास तेवढ्यात होते. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळींना ती दिवसातून तीनदा म्हणण्याची शिकवण होती, त्यामुळे ही छोटी प्रार्थना म्हणजे पळवाट आहे असे मनात आणू नका.

मात्र औषध काढताना प्रार्थनाही थांबवा. रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग, वेळ ही पाचही पडताळणी होईपर्यंत लक्ष दुसरीकडे नको. त्या दोन मिनिटांत देवाचा मान लेबल वाचण्यात आहे. आणखी दोन गोष्टी चांगल्या मनाच्या लोकांकडूनही चुकतात. रुग्णाचे नाव आणि आजार मंडळीच्या प्रार्थना-ग्रुपवर टाकला जातो. तो टाकू नका, ‘एका आजारी बाईसाठी’ एवढे देवाला पुरते. आणि रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय त्याच्या खाटेशी मोठ्याने प्रार्थना करू नका. तो अंथरुणाला खिळलेला असतो, तुम्ही सिस्टर असता. ‘नको’ म्हणणे त्याला फार जड जाते.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. नवी पाटी करतो आहे, तिच्यावर वचन घालायचे आहे. कोणते घालावे? मंडळीतले काही जण म्हणतात, धंद्याच्या जागी वचन नको.
— एक दुकानदार, श्रीरामपूर

उत्तर : वचन लावायला हरकत नाही. पण पाटी रंगवायला देण्यापूर्वी आठवडाभर दुकान तपासा, कारण पाटी लागली की गिऱ्हाईक तुमचा काटा त्या वचनाशी ताडून बघणार. आणि त्याने बघावेच. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नका अशी आज्ञा आहे; घ्यायचे एक आणि द्यायचे एक असा व्यवहार परमेश्वराला किळसवाणा वाटतो. शास्त्रात देवाच्या मानाची गोष्ट मंदिराइतकीच बाजारातही येते.

तेव्हा काट्यापासून सुरुवात करा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र खात्याकडून दर १२ महिन्यांनी आणि वजनांची व दांडीच्या तराजूची दर २४ महिन्यांनी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असे लावा, खणात नको. रोज सकाळी काट्याचा पाण्याचा बुडबुडा वर्तुळाच्या मध्ये आहे ना ते बघा, रिकाम्या ताटाला शून्य येते ना ते बघा. आठवड्यातून एकदा शिक्का असलेले एक किलोचे वजन ताटाच्या मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. कोपऱ्यावर आकडा बदलत असेल तर काटा परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा शिक्का मारून घ्या. काटा पंख्याच्या थेट खाली असेल तर जागा बदला, वाऱ्याने आकडा हलतो.

काट्याच्या पट्टीवर कमाल आणि किमान वजन लिहिलेले असते. कमालकडे सगळे बघतात, किमानकडे कोणी बघत नाही. ३० किलोच्या, ५ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्याचे किमान वजन बहुधा १०० ग्रॅम असते. त्याच काट्यावर २५ ग्रॅम वेलदोडे तोलले तर दोन-तीन ग्रॅमची चूक सहज होते, आणि वेलदोड्यांत दोन-तीन ग्रॅमला पैसे पडतात. वेलदोडे, लवंगा, जायपत्री यांसाठी लहान काटा ठेवा.

खोके वजनात धरू नका. ६० ग्रॅमचे खोके ६०० रुपये किलोच्या पेढ्यांबरोबर तोलले की गिऱ्हाईक पुठ्ठ्याचे ३६ रुपये देते. आधी रिकामे खोके ठेवून काटा शून्यावर आणा, मग माल भरा. नियमही हाच आहे.

उधारीची नोंद गिऱ्हाईक समोर असतानाच करा आणि आकडा त्याला वाचून दाखवा. रात्री आठवणीने लिहिलेल्या नोंदीत दोन्ही बाजूंनी चुका होतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचीच चूक धरली जाते. दुकानातल्या पोऱ्याचा आणि हमालाचा रोज त्या दिवशीच, दिवस मावळायच्या आत द्या. अनुवाद २४ मध्ये हे स्पष्ट आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडते व ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते, असे याकोब लिहितो. महिन्याला बंद पाकिटात दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीला देणारा आणि हमालाला ‘उद्या ये’ म्हणणारा हात एकच असेल तर आधी हमालाचे द्या.

वचन कोणते, हा प्रश्न उरला. नीतिसूत्रे ११:१ घ्या, खोट्या तराजूबद्दलचे. आणि पाटीपेक्षा ते काट्यामागच्या भिंतीवर लावा, तोलताना तुमची नजर जाते तिथे.

प्रश्न : सोसायटीत आम्ही एकच ख्रिस्ती कुटुंब. गणपतीत शेजारच्या काकू प्रसाद घेऊन येतात. सासूबाई हसून घेतात आणि मागाहून कचऱ्यात टाकतात. मला ते बघवत नाही. नाही म्हणावे तर काकू दुखावतील. वर्गणी, हळदीकुंकू, तिळगूळ यांचेही असेच. कुठवर हो म्हणायचे?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : तुम्हाला बघवत नाही ते योग्यच आहे. तीन वाटा आहेत: घेऊन खाणे, नम्रपणे नाकारणे, घेऊन टाकणे. पहिल्या दोन वाटांबद्दल ख्रिस्ती माणसांत प्रामाणिक मतभेद आहेत. तिसरी वाट कोणत्याच मताने बरोबर ठरत नाही. तीत काकूंशी खोटेपणा होतो, त्यांच्या श्रद्धेचा अपमान होतो आणि अन्नाचीही नासाडी होते. एखाद्या दिवशी त्यांनी ते डब्यात पाहिले तर वीस वर्षांचा शेजार संपेल.

प्रेषित पौलाने हा प्रश्न मूर्तीला वाहिलेल्या मांसाच्या निमित्ताने करिंथच्या मंडळीसाठी सोडवला आहे, १ करिंथकरांस पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत. तो प्रसंग वेगवेगळे करतो. बाजारात मिळणारे मांस काही न विचारता खा. कोणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले काही न विचारता खा. पण कोणी ‘हे मूर्तीला अर्पण केलेले आहे’ असे सांगितले तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्यासाठी व विवेकासाठी. देवळात, मूर्तीपुढच्या भोजनाला बसणे मात्र तो नको म्हणतो, कारण दुबळ्या भावाला त्याने अडखळण होते. म्हणजे ताटातला पदार्थ एकच असला तरी तो कशाच्या नावाने दिला जातो हे पौल बघतो.

तुमच्या चार गोष्टी याच कसाला लावा. प्रसाद हा नाव सांगूनच दिलेला असतो. तो नम्रपणे नाकारावा असे आमचे मत आहे. दिवाळीचा फराळ घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी केलेला असतो. आनंदाने खा, चौकशा करत बसू नका. तिळगूळ घ्या, गोड बोला. हळदीकुंकवाला शेजारीण म्हणून जायला, वाण घ्यायला, गप्पांना बसायला हरकत नाही. कुंकू लावून घ्यायचे की नाही हे तुमच्या विवेकावर आहे, आणि बहुतेक घरांत ‘मला नको, पण बसते हं’ एवढ्याने भागते. तुमचे पाळक किंवा फादर याहून कडक किंवा सैल सांगत असतील तर त्यांच्याशी बोला. घरात मात्र एकच धोरण असू द्या. सासूबाई घेतात आणि सून नाकारते, हे काकूंना सर्वांत जास्त लागेल.

नाकारायचे कसे? सण सुरू होण्यापूर्वी, ताट दारात येण्याआधी, स्वतः काकूंकडे जा. वाक्य लहान ठेवा: “काकू, प्रसाद आम्ही घेत नाही, राग मानू नका. पण पोरांना घेऊन भेटायला येतो, आणि विसर्जनाला काही मदत लागली तर हक्काने सांगा.” मूर्तिपूजेवर दोन शब्द सुनावण्याची ही वेळ नव्हे. आणि मदत म्हटली तर करा: विसर्जनाच्या दिवशी पिण्याच्या पाण्याचे जार लावा, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या द्या, लहान मुलांवर लक्ष ठेवा. वर्गणीचेही तसेच. मंडळाच्या आरोग्य शिबिराला, दिव्यांना, साफसफाईला पैसे द्या आणि पावतीवर तसे लिहून घ्या. सोसायटीचा मासिक खर्च ही वर्गणी नव्हे, तो विनातक्रार आणि वेळेवर भरायचा असतो.

मग नाताळात तुमचे ताट त्यांच्याकडे जाते, तिथे तुमचीही कसोटी असते. शेजारी शाकाहारी असतील तर केक अंड्याविना करा, आणि अंड्याचा केक भाजलेल्या टिनात नको, वेगळा टिन ठेवा. मनुका आणि टुटीफ्रुटी रममध्ये भिजवलेल्या असतील तर तो केक त्यांना देऊ नका. त्यांच्यासाठी सुका मेवा संत्र्याच्या रसात फ्रिजमध्ये रात्रभर भिजवला तरी छान मऊ होतो. मार्झिपानमध्ये बहुधा अंड्याचा पांढरा भाग असतो आणि मार्शमॅलोत जिलेटिन असते, दोन्ही ताटातून वगळा. करंज्या, शंकरपाळ्या, शेव निर्धास्त द्या, आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळाचा फराळ तोच असतो. कशात काय आहे ते ताट देतानाच सांगा. त्या दिवशी चतुर्थी असेल किंवा त्यांचा उपास असेल तर ताट दुसऱ्या दिवशी न्या. आपला विवेक त्यांनी जपावा असे वाटत असेल तर त्यांचा आपण याहून जास्त जपला पाहिजे.

वेगळेपण दाखवायला मराठीपण उतरवून ठेवावे लागत नाही, हेही सांगावेसे वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, कीर्तन, टाळ यांच्यासह ख्रिस्ताची भक्ती केली. तुमच्या मुलांना शेजारच्या मुलांबरोबर वाढू द्या. ती कोणाची प्रार्थना करतात हे त्यांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक असले म्हणजे झाले.

प्रश्न : ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायला संकोच वाटतो. न केली तर ख्रिस्ताला लाजलो असे वाटते.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : डोळे मिटणे ही सवय आहे, आज्ञा नव्हे. पाच हजारांना जेवू घालताना प्रभूने आकाशाकडे पाहून आभार मानले. डबा उघडा, हात क्षणभर थांबवा, एक वाक्य मनात म्हणा आणि जेवा. दहा सेकंद पुरतात. लोक बघतील म्हणून प्रार्थना टाळणे जसे चूक, तसे लोकांनी बघावे म्हणून लांबवणेही चूक. मत्तय ६:५ मध्ये दुसऱ्या चुकीबद्दल प्रभू फार कडक बोलला आहे. डबा वाढून देणाऱ्या मावशींना नावाने हाक मारून आभार मानता का, हेही त्याच प्रार्थनेत धरा.

प्रश्न : मी भाड्याची रिक्षा चालवतो. कमाई रोज वेगळी. दशांश कशावर काढायचा, हातात आलेल्या पैशावर की खर्च वजा जाता? घरात आईचे औषध आहे, पतपेढीचा हप्ता आहे. मंडळीत सांगतात की दशांश दिला नाही तर देवाला लुबाडले.
— एक रिक्षाचालक, संगमनेर

उत्तर : दादा, गॅसचे आणि मालकाच्या भाड्याचे पैसे ही तुमची कमाई नव्हेच, ते तुमच्या हातून दुसऱ्याकडे जातात. दिवसाचा गल्ला १,४०० झाला, गॅस ४५० आणि रिक्षाचे भाडे ३५०, तर कमाई ६००. त्याचा दशांश ६० रुपये. घरभाडे, किराणा, हप्ता हे मात्र कमाईतून होणारे खर्च आहेत, ते आधी वजा करू नका. पगारदारांनाही सांगून ठेवतो: भविष्य निर्वाह निधीत कापले जाणारे तुमचेच पैसे आहेत. ते आता धरा किंवा निवृत्तीला हातात आल्यावर धरा, पण एकदा ठरवले की बदलू नका.

रोजच्या कमाईच्या माणसाने महिनाअखेरची वाट बघू नये. महिनाअखेर पैसे उरत नाहीत. पौलानेही करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितले. रात्री रिक्षा लावल्यावर हिशेब करा, रक्कम वेगळ्या डब्यात टाका, रविवारी डबा मोकळा करा. ज्या दिवशी धंदा झाला नाही त्या दिवशी शून्य, आणि त्याची खंत नको.

आता आईचे औषध. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू काही लोकांना दोष देतो, कारण आईबापांना लागणारी वस्तू ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, ठरवून मोकळे होत. देवाच्या नावावर आईला वाऱ्यावर सोडलेले त्याला चालत नाही. औषध आधी. पतपेढीचा हप्ताही बुडवू नका. तो शब्द तुम्ही सही करून दिलेला आहे, आणि कर्ज काढून दान तर कधीच देऊ नका. सध्या दहा टक्के झेपत नसतील तर तीन टक्क्यांनी सुरू करा, ६०० वर १८ रुपये. कर्ज फिटले की पाच, मग दहा. पौल म्हणतो, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून नव्हे.

‘देवाला लुबाडले’ हा मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातला भाग इस्राएल लोकांना, मंदिराच्या भांडाराच्या संदर्भात बोललेला आहे. तो गरीब माणसाला धमकी म्हणून ऐकवणे आम्हाला पटत नाही. ‘एक हजार द्या, देव दहा हजार देईल’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांना तर सरळ नाही म्हणा. दान दिल्यावर पावती घ्या. आणि अनुवाद १४ वाचा: तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातल्या लेव्याला (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला), परक्याला, अनाथाला आणि विधवेला पोटभर जेवण्यासाठी होता. तुमच्या आळीत अशी माणसे असतील तर त्यांचाही त्या डब्यात वाटा आहे.

प्रश्न : आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना असते. पाऊण तास चालते. पंधरा वर्षांचा नातू हल्ली पोट दुखते म्हणून उठून जातो, बसला तर मोबाइलमध्ये असतो. काय करावे?
— एक आजी, अहिल्यानगर

उत्तर : आजी, तुम्ही इतकी वर्षे ही प्रथा टिकवली हे मोठे काम आहे. आता ती त्या पोराच्या हाती सोपवायची आहे, म्हणून थोडी आखूड करा. बारा ते पंधरा मिनिटे पुरे, आणि जेवणाआधी. जेवणानंतर पेंग येते आणि अभ्यासाची घाई असते. गीताची दोन कडवी, दहा-बारा वचनांचा पाठ, त्यावर एक प्रश्न, एकाची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना.

चालवणारा रोज वेगळा असावा. वारांप्रमाणे नावे लिहून कागद फ्रिजवर लावा आणि नातवाला एक वार पूर्ण द्या: गीत त्याने निवडायचे, पाठ त्याने. त्याने गिटारवरचे गीत घेतले तर घेऊ द्या. देवनागरी वाचताना तो अडखळला तर मध्येच दुरुस्त करू नका, नंतर सांगा. मोबाइल सगळ्यांचे एका टोपलीत, मोठ्यांचेही.

आणि एक गोष्ट जपा. प्रार्थनेतून मुलाला बोलणी खायला लागू नयेत. “हे देवा, या लेकराला अभ्यासाची बुद्धी दे, त्याची वाईट संगत सोडव” हे त्याच्या समोर म्हटले की तो देवाशी बोलणे राहत नाही, डोळे मिटून केलेली कानउघाडणी होते. मुले याच कारणाने सर्वांत जास्त दुरावतात. त्याच्या चिंता एकांतात देवापुढे मांडा. त्याच्या देखत त्याच्याबद्दल फक्त आभार माना, आणि ते नेमके असू द्या: आज त्याने दळण आणले, आज त्याने बहिणीला गणित शिकवले.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करतो. मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करता येत नाही. तरुण संघात खुर्च्या लावण्याचे काम माझ्याकडे. देवाने प्रत्येकाला वेगळे वरदान दिले आहे म्हणतात, मग माझे कोणते?
— एक तरुण, जालना

उत्तर : निर्गमचा ३१वा अध्याय काढ. ‘मी त्याला आपल्या आत्म्याने भरले आहे’ असे देव तिथे बसालेल नावाच्या कारागिराविषयी म्हणतो. कशासाठी भरले? सोने, रुपे, पितळ यांचे काम करण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी, लाकूड कातण्यासाठी. यापो गावची टबीथा विधवांसाठी कपडे शिवत असे. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत ते कपडे प्रेषित पेत्राला दाखवत होत्या. तिने काय भाषण केले याची एक ओळही शास्त्रात नाही. रोमकरांस १२ मध्ये वरदानांची यादी आहे, तिच्यात शिकवणे आहे तसे सेवा करणे, दान देणे आणि दया करणेही आहे.

आपले वरदान डोळे मिटून सापडत नाही, कामातून कळते. महिनाभर एक वही ठेव. लोक तुझ्याकडे न सांगता कशासाठी येतात ते लिही. ज्यांना तुझी भीड नाही अशा तिघांना विचार, मी कोणते काम केले की तुमची काळजी मिटते? मग एकच काम तीन महिन्यांसाठी घे आणि तसे पाळकसाहेबांना सांग. मुदत ठेवण्याचे कारण असे की बिनमुदतीचे काम कोणी परत मागत नाही आणि तरुण मुले त्याखाली दबून मंडळीच सोडतात.

आमच्या मते तुझे पहिले काम उपासना मंदिराच्या मीटरपाशी आहे. एकट्याने हात घालू नकोस. परवाना असलेला वायरमन बरोबर घे आणि त्याच्या देखरेखीखाली कर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला आहे का बघ. असेल तर त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाब. झटक्यात पडला पाहिजे. नसेल तर पंचांपुढे लेखी दे. अर्थिंग मोजून घ्या. माइकला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी असते, आणि लोक पायाखाली रबराची चटई टाकून गप्प बसतात. दोष बहुधा अर्थिंगमध्ये किंवा अँप्लिफायरच्या तीन पिनांची दोन केलेल्या प्लगमध्ये असतो.

नाताळाच्या आधी दोन आठवडे गव्हाणीच्या देखाव्याकडे बघ. पेंढा, सुती कापड, थर्माकोल आणि त्यातून गेलेली जोड मारलेली वायर, आग लागायला एवढे पुरते. पेंढ्याखालून जोड नसलेली अखंड वायर ने, तापणारे बल्ब काढून एलईडी लाव, आणि रात्री मंदिर बंद करताना गव्हाणीचा स्विच कोणी काढायचा ते नावानिशी ठरव. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर १,३०० वॉटच्या वर भार जाऊ देऊ नकोस. ५०० वॉटचे दोन हॅलोजन आणि त्यावर कीबोर्ड, अँप्लिफायर, नाताळाचा दिव्याचा तारा असे सगळे एकाच बोर्डावर लावले की प्लग वितळतो. कुठल्या बोर्डावर काय लावायचे याचा कागद बोर्डाशेजारीच चिकटव, म्हणजे तू नसलास तरी २४ डिसेंबरच्या रात्री दुसऱ्याला ते वाचून करता येईल.